चुड्याखाली

डॉक्टरांनी करवत मागवली तसा लालीबाईनं हात पदराआड ओढला.

"मालक जिता हाये माहा," ती म्हणाली. "चुडो कसा उतरवू?"

यवतमाळच्या डॉक्टरांना काही उमजेना. मग तिचा नवरा देवसिंग सांगू लागला. त्यांच्या तांड्यात लग्न झालेल्या बाईच्या दंडावर हस्तिदंती बांगड्या चढवतात, तोच चुडो, आणि तो उतरतो नवरा मेल्यावरच. तो सांगत होता तेव्हाही त्या बांगड्यांखालून पू गळत होता आणि सगळ्या खोलीत वास सुटला होता.

लहानपणी चुलीत पडून तिचा दंड भाजला होता. त्याच डागावर चुडो चढला अन् वीस वर्षं घासत राहिला. मग जखम झाली, ती भरेचना. तीन वर्षं बाई फटीतून हळद-तेल सोडत राहिली. दुखत नव्हतं, मग बोभाटा कशाला! आणि देवसिंग? वास यायचा म्हणून हा गडी तीन वर्षं पाठ करून झोपला. काय झालं म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. आता ते आठवून त्याला स्वतःचीच किळस आली.

"मले मेला समज," तो म्हणाला. "तू जगली पाह्यजे, बस."

तिनं हात पुढं केला. करवत मागून घेऊन त्यानंच सुजलेल्या दंडावरची एकेक बांगडी कापली. खाली कडा उलटलेली मुठीएवढी जखम होती. डॉक्टर म्हणाले, कातडीचा कॅन्सर आहे. जुन्या भाजल्या डागावर सारखं घासत राहिलं की कधीकधी होतो. जखम भरत नाही म्हणून वेळेत आला असतात तर बोटभर कातडी काढून भागलं असतं. आता गाठ काखेत उतरली होती.

नागपूरला नेऊन हात खांद्यापासून काढला. तरी होळीच्या आधी लालीबाई गेली.

मग देवसिंगनं लाजलज्जा गुंडाळून ठेवली. घरोघर जाऊन तो बायांना चुडो काढून दंड पाहायला सांगू लागला. सुना तोंडाला पदर लावून हसत. जित्या नवऱ्याच्या बाईला असं अभद्र सांगतो म्हणून तांड्याच्या नायकानं त्याला झापलं. देवसिंग ऐकतो कशाचा! फक्त मुकुटबनला लेकीकडं, जमनीकडं जायला त्याचा पाय उचलत नव्हता. तिच्याही दंडावर पोरपणी उकळतं पाणी सांडलं होतं.

शेवटी गेला. जमनीनं सगळं ऐकून घेतलं. नवरा भाकर खात होता, त्याच्या समोरच तिनं दंडाला तेल लावलं.

"हे बसले हायेत समोर, जिते," ती म्हणाली. "पाहा तुमी."

बांगड्या उतरल्या. पांढरट जुना डाग होता, कोरडा. जखम कुठंच नव्हती. देवसिंगनं दंड उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिला.

"कायी नायी ना, बापू?"

"कायी नायी," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. जावयाचं जेवण झालं, ताट उचललं गेलं, तरी त्याला लेकीचा हात सोडवेना.