चहाच्या आधीची प्रार्थना

"...आणि हे स्वर्गीय बापा, आमची बहीण चंद्रप्रभा हिला आजारातून उठव. तिच्या खाटेपाशी तू स्वतः..."

"अहो गुणवंतभाऊ, उठलेय मी!"

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी, भर उपासनेत, दुसऱ्या रांगेतून आवाज आला. मिटलेले डोळे पटापट उघडले. चंद्रप्रभाबाई हातात झावळी घेऊन ताठ उभ्या होत्या.

"मागच्या ईस्टरआधी ऑपरेशन झालं माझं. दिवाळीत नातवंडांबरोबर इंडिया गेटला फिरून आले. दर रविवारी तुमच्या नाकासमोर बसते. आता तरी खाटेवरून उतरवा ना मला!"

दिल्लीच्या पहाडगंजमधला तो हॉल हशाने दणाणला. पाळक सुयश रणनवऱ्यांनी गीतांचं पुस्तक तोंडापुढे धरलं. गुणवंत साळवे, केंद्र सरकारचे निवृत्त सेक्शन ऑफिसर आणि मराठी मंडळीचे पंच, चष्मा हातात घेऊन उभेच राहिले. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

हे वाक्य खरं तर मंडळीत कुणालाही सांगता आलं असतं. हिंदी मंडळीची उपासना आटोपली की दुपारी हॉल मराठी लोकांना मिळे, आणि शेवटची प्रार्थना गुणवंतरावांची, हे ठरूनच गेलं होतं. आधी आजारी, मग विद्यार्थी, मग सरकार, शेवटी सीमेवरचे जवान. जवान आले की गुणवंतरावांची पत्नी सुमित्रा उठायची आणि मागच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायची. जवानांवर ते बराच वेळ रेंगाळत. 'आमेन' होईपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. वर्षानुवर्षं तसं चालत आलं होतं.

द्वारकेला घरी परतताना मेट्रोत गुणवंतराव चष्मा पुसत बसले होते.

"तू तरी सांगायचंस," ते म्हणाले.

"मी काय सांगणार? तुम्हीच मागत होतात. मला वाटलं, दुसरं काही दुखणं निघालं असेल बाईंचं."

"सगळे हसले."

"हसणारच. ऑफिसच्या ड्राफ्टसारखी झालीय तुमची प्रार्थना. तारीख बदलायची नि साहेबांपुढे पुट अप करायची."

गुणवंतरावांना राग आला नाही. त्यांना करोल बागेतली, गच्चीवरची ती खोली आठवली. जालन्याहून नुकतेच आलेले, बाळ प्रतीक तापाने फणफणलेला, आणि आपण फरशीला कपाळ टेकून नुसतं "बापा, बापा" करत होतो. त्या वेळी एकही धड वाक्य सुचलं नव्हतं. पण ताप उतरेपर्यंत दर थोड्या वेळाने पोराच्या अंगाला हात लावून पाहत होतो. मागितलं होतं, म्हणून पाहत होतो. हे पाहणं कधी सुटलं?

आणि एकदम ते सीटवरून उठलेच.

"अगं, चंद्रप्रभाबाई बऱ्या झाल्या!"

"हळू बोला! वर्ष झालं त्याला."

"पण मला आज कळलं! त्याने ऐकलं, सुमित्रा! आपण मागितलं आणि त्याने दिलं!"

"अंकल, सब ठीक है ना?" शेजारच्या मुलीने विचारलं.

"बिल्कुल ठीक है, बेटा! हमारी एक बहन अच्छी हो गई!"

सुमित्राने पदर तोंडाला लावला. लाज वाटली म्हणून, की हसू आवरेना म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक.

तो आठवडा गुणवंतराव जागेवर ठरले नाहीत. सकाळी चहा होताच फोन घेऊन बसत. आपण कुणाकुणासाठी काय काय मागितलंय आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्यांना ऐकायचं होतं. मंडळीतल्या रेवतीला मानेसरच्या कारखान्यात नोकरी लागून बरेच महिने झाले होते. रुचिराच्या वडिलांसाठी मागितलं होतं, ते मात्र गेल्या हिवाळ्यात वारले होते. दफनाला आपण स्वतः मूठभर माती टाकून आलो आणि पुढच्या रविवारी त्यांना आरोग्य मागितलं, हे लक्षात आल्यावर गुणवंतरावांनी फोन खाली ठेवला. दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी ते रुचिराच्या घरी जाऊन बसून आले.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, हॉल खचाखच भरला होता. प्रार्थनेची वेळ झाली. गुणवंतराव उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. त्यांनी ते मिटले नाहीत.

"बापा," ते म्हणाले आणि थांबले. "चंद्रप्रभा बरी आहे. समोर बसलीय. हिरवी साडी नेसलीय. थँक यू."

कुणीतरी खुदकन हसलं. चंद्रप्रभाबाईंनी मात्र पदराने डोळे टिपले.

"रेवती कंपनीच्या बसमध्ये झोपून जाते, इतकी दमते. तिला सांभाळ. रुचिराचे बाबा तुझ्याकडे आलेत. मला समजायला उशीर झाला."

असे ते एकेका चेहऱ्यावर थांबत चालले. सांगायला इतकं होतं की आवाज चढत गेला, शब्द एकमेकांवर आदळू लागले, वाक्यं अर्धवट राहिली. सरकार आलंच नाही. जवानही आले नाहीत. शेवटच्या रांगेत सुमित्रा वाट पाहून कंटाळली आणि चहाला उशीर होईल म्हणून उठली. उठताना तिने पुढची खुर्ची दोन्ही हातांनी धरली, क्षणभर तोंड वाकडं केलं, मग दाराकडे निघाली.

गुणवंतरावांनी ते पाहिलं.

"आणि सुमित्रा," ते म्हणाले.

हे नाव त्या हॉलमध्ये त्यांनी कधी घेतलं नव्हतं. घरच्या माणसासाठी काय मागायचं, असं त्यांना वाटे. चौकटीवर हात टेकून सुमित्रा थांबली.

"बापा, हिचे गुडघे दुखतात. ती सांगत नाही. मी विचारलं नाही. माझी प्रार्थना संपताना ही कधीच इथे नसते."

बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. हे दोघं तेवढे एकमेकांकडे पाहत होते. मग सुमित्रा सावकाश माघारी वळली, आपल्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिने डोळे मिटले.

'आमेन' झालं तरी बराच वेळ कुणी उठलं नाही. आत ओट्यावर पातेलं कोरडं होतं, आणि दुधाच्या पिशव्या न फोडलेल्या तशाच पडल्या होत्या.