अनंतावर लावलेली पट्टी

अंगठ्याच्या नखाएवढी पांढरी पट्टी, आणि तिच्या चिकट बाजूला अडकलेला एक केस. लांब होता, तेव्हा तिचाच असणार. तो ओढून काढायला जावं तर पट्टी या बोटावरून सुटून त्या बोटाला चिकटत होती. दहा वाजल्यापासून हेच चाललं होतं. लॉजच्या जेवणघरात बशा वाजत होत्या, खिडकीच्या चौकटीत डोंगराचा उतार पिवळाधमक उभा होता, तिच्या फोटो-सहलीतली नऊ माणसं गरम सूप पीत पहाटेच्या तळ्याबद्दल एकमेकांना सांगत होती... जणू समोरचा तिथे नव्हताच. आणि ही पट्टी ज्या लेन्सवरून निघाली तिच्यात काय झालंय, हे फक्त तिला ठाऊक होतं. तिला, आणि बहुतेक नऊ जणांतल्या पुलवाल्या काकांना.

"मॅडम, तुम्ही काही खातच नाही," सहलीतल्या नणंद-भावजयांतली भावजय म्हणाली.

"त्यांचं पोट फोटोंनी भरतं," नणंद म्हणाली. "आपल्यासारखं नाही. तू तो पाव संपव आधी."

या नणंद-भावजया एकच ट्रायपॉड वाटून वापरत आणि दिवसभर त्यावरून भांडत. पहाटे मात्र एक शब्द बोलल्या नव्हत्या. तळं तसंच होतं. पाणी आरशासारखं, काठाची सूचिपर्णी झाडं सुया गाळण्याच्या बेतात, एकेक सुई सोन्याची. उद्या बर्फ पडणार म्हणून वरचा रस्ता आज दुपारी बंद होणार होता. म्हणजे ती पहाट एकच, या वर्षाची शेवटची.

आणि ती पहाट तिने घालवली होती. नऊ जणांची मिळून.

काल संध्याकाळी याच जेवणघरात तिने सगळ्यांना खिडक्या उघडायला लावल्या होत्या. समोरच्या सुळक्यावर फोकस करा, लेन्सवर आडव्या आठासारखी अनंताची, म्हणजे अगदी दूरच्या फोकसची, खूण आहे तिथे फिरतं कडं येईल, सुळका स्वच्छ दिसला की कडं हलू नये म्हणून ही पट्टी. अंधारात कॅमेऱ्याला आपलं आपण काही दिसत नाही, थंडीत बोटं बधिर होतात... आत्ताच लावून टाका, पहाटे फक्त बटण दाबायचं. काय आत्मविश्वासाने सांगितलं होतं. खोलीत हीटर चालू होता, बावीस अंश. तळ्यावर उणे सात. धातू आकसतो, लेन्समधल्या काचा किंचित सरकतात — किंचित म्हणजे या केसाच्या जाडीहूनही कमी, पण तेवढं पुरतं — आणि कालचा अनंत आजचा राहत नाही. हे शाळेतल्या मुलाला कळतं. मी नऊ वर्षं भौतिकशास्त्र शिकले.

दहा वाजता आपल्या खोलीत जाऊन तिने स्वतःचा फोटो लॅपटॉपवर मोठा केला. प्रत्येक झाड म्हणजे लोकरीचा गोळा. दुसरा, तिसरा, चाळिसावा... एकाही फांदीला कड नव्हती. कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर, मोठं न करता, हे दिसत नाही, म्हणून तर सगळे खूष होते. तीन वाजता या जेवणघराच्या भिंतीवर प्रोजेक्टर लागणार होता.

तिने बहिणीच्या नवऱ्याला, भावजींना, फोन केला. सहलींची कंपनी त्यांची. प्रबंध अर्धवट टाकून ती घरी बसली तेव्हा "घरातलीच आहे" म्हणून त्यांनी तिला घेतलं होतं.

"किती जणांना कळलंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"अजून कुणाला नाही."

"मग धुकं होतं म्हण. होतंच ना थोडं?"

"पाण्यावर होतं. झाडांवर नव्हतं."

"तू अशी फूटपट्टी घेऊन बोलू नकोस बाई. पाहुण्यांना धुकं आवडतं. चूक आवडत नाही. आणि हे बघ, चूक कबूल करणारा लीडर मी पुढच्या सहलीला पाठवू शकत नाही. घरातला असला तरी."

मग ताईने फोन घेतला. "ऐक त्यांचं. आणि परत सगळं सोडून येऊ नकोस."

परत.

त्या एका शब्दात प्रयोगशाळा होती, आणि तो आलेख. अकरा बिंदू शहाण्यासारखे रेषेवर, आणि बारावा आपला बाजूला, रुसल्यासारखा. हा काढून टाक, प्रबंधाचे गाइड म्हणाले होते, आलेख कसा सुरेख दिसेल. पण सर, तो तिथेच येतोय, तीनदा मोजलाय. त्यांनी चष्मा पुसला होता. राहू दे, तुला आत्ता कळणार नाही. आठ महिने ती तो बिंदू धरून बसली, आणि मग एका सोमवारी गेलीच नाही. घरात या गोष्टीचं नाव पडलं "तिला जमलं नाही". जमलं नाही असं नव्हतं... मी तो बिंदू पुसला नाही, एवढंच. पण हे कुणाला सांगणार? तेव्हापासून कुणी, त्यातून वडीलधारा पुरुष, "जरा असं करून बघ" म्हणाला की तिची मान आपोआप ताठ व्हायची. त्या ताठ मानेवर ती जगत आली होती.

पहाटेही ती तशीच झाली होती. अंधारात चर्र असा आवाज आला, कुणीतरी पट्टी सोलत होतं. पुलवाले. चाळीस वर्षं पूल बांधून निवृत्त झालेला माणूस, प्रत्येक सूचनेला "का?" विचारणारा.

"पट्टी काढायची नाही," ती म्हणाली.

"मॅडम, मोठं करून बघितलं. कडा मऊ येतायत. जरासं फिरवून—"

"काका, इथे मी सांगते तसं करायचं."

"एकदा बघा तरी."

"राहू दे. तुम्हाला आत्ता कळणार नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. पाकिटावर तिकीट दाबावं तशी पुलवाल्यांनी ती पट्टी अंगठ्याने परत दाबून बसवली. आणि तिला बरं वाटलं होतं. हेही मोजायलाच हवं, उणे सात अंशात तिला आतून ऊब आली होती.

तो शब्दन् शब्द कुणाचा होता, हे दहा वाजता समजलं.

आता धुकं म्हणणं सोपं होतं. दुसरंही सोपं होतं, डोळ्यांत पाणी आणायचं, मान खाली घालून "माझंच चुकलं हो" म्हणायचं, की नणंद उठून पाठीवरून हात फिरवेल आणि सगळे तिच्या चुकीपेक्षा तिचंच सांत्वन करत बसतील. तेही तिला नको होतं. चुकले तर चुकले. वाकायचं कशाला?

तीनला दहा कमी असताना पुलवाले एकटेच खुर्च्या ओळीत लावत होते, प्रत्येक खुर्चीचे पाय फरशीच्या रेघेवर.

"काका, पहाटे तुमचं बरोबर होतं."

"माहीत आहे." त्यांनी पुढची खुर्ची सरकवली. "पुलाला आम्ही फटी ठेवतो. थंडीत रुंदावतात. लोक विचारतात, पूल फाटला का हो."

"मग परत का लावलीत पट्टी?"

"लीडर तुम्ही होतात." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "लीडरचं ऐकायचं, हे मीच पोरांना चाळीस वर्षं दरडावून सांगितलं. त्यातलं एखादं पोर बरोबरही असेल... कुणी मोजलंय?"

"रागावलात?"

"फोटो गेला त्याचा आहे. तो राहणार."

राहू दे, तिच्या मनात आलं. राहायलाच हवा.

तीन वाजले. खिशात फोन थरथरला. भावजींचा निरोप, एकच शब्द: धुकं. तिने फोन टेबलावर पालथा घातला, कुणाचाही न लावता स्वतःचा फोटो लावला आणि मोठा केला... आणखी मोठा. भिंतभर पिवळी लोकर पसरली. नणंद हळूच म्हणाली, "अगं बाई, धुकं किती छान आलंय."

माना हलल्या. भावजयीनेसुद्धा, दिवसात पहिल्यांदाच, तिला दुजोरा दिला. आता खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागत होतं.

"धुकं नाही," ती म्हणाली. "चूक आहे. माझी. तुमच्या सगळ्यांच्या फोटोंत आहे. आणि एकाने वेळेवर सांगितलं होतं, त्यांना मी गप्प केलं."

कुणाची तरी खुर्ची रेघेवरून हलली. पट्टी अजून बोटावर होती, केसासकट. तिने ती काढायचा प्रयत्न सोडून दिला. तिसऱ्या रांगेत पुलवाल्यांचा हात वर गेला. तिची मान सवयीने ताठ झाली... आणि ती तशीच ताठ ठेवून, पहिल्यांदाच, ते काय म्हणतायत याची ती वाट पाहू लागली.