माझा कधीच नसलेला भाऊ

पडद्यावर एकशे ऐंशी चौकोन होते आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात एक रडवेला चेहरा. मोठ्या चौकोनात टायर्नन डेव्हिट डोळे मिटून बसला होता. अंगात पांढरा सदरा, मागे पांढरा पडदा, समोर मेणबत्ती.

“न... न वरून नाव येतंय,” तो कण्हल्यासारखा बोलला. “थांबा, ती हसतेय. हातात लोकर आहे. पिवळी. विणकाम अर्धवट राहिलंय. कोणाची आहे ही?”

खालच्या ओळीतल्या एका चौकोनात माझे शेजारी फिन्टन गेराटी खुर्चीतून अर्धवट उठले. “माझी! माझी नुआला आहे ती!”

एकशे ऐंशी माणसांनी हात छातीशी नेले. मेलेली माणसं रोज संध्याकाळी सात वाजता, इंटरनेट बरं चालत असेल तर, टायर्ननकडे येत असत. सोमवारी मात्र त्यांना सुट्टी असे.

हे सगळं मी बघत होते, कारण फिन्टनच्या आग्रहाखातर मीही त्या सभेत शिरले होते. आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातल्या आमच्या वसाहतीत त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. त्यांची बायको नुआला गेली ती करोनाच्या साथीत, दवाखान्यात, आणि फिन्टनना आत सोडलं नाही. आमच्या रीतीप्रमाणे पार्थिव घरी आणून रात्र जागवायची, शेजाऱ्यांनी चहा-सँडविचेस घेऊन यायचं, तिच्या गोष्टी सांगून हसायचं, यातलं काही झालं नाही. चर्चमध्ये दहाच माणसं. बाकी आम्ही रस्त्याच्या कडेला चार-चार हात अंतर सोडून उभे राहिलो, गाडी गेली, आणि आपापल्या घरात परतलो.

मीही एकटीच राहते. एका वीज कंपनीच्या तक्रारींचे फोन मी तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावरून घ्यायचे. लोक दिवसभर घरी, हीटर दिवसभर चालू, बिलं दुप्पट. आणि शिव्या मला. प्रत्येक फोनमध्ये तीनदा “तुमची अडचण मी समजू शकते” म्हणायचं, नाहीतर वरिष्ठांचा निरोप टपकायचा. माझं नाव दिवसातून साठ वेळा मीच उच्चारायचे. दुसरं कोणी नाही.

तेव्हा फिन्टनना त्या सभांनी थोडं बरं वाटत असेल तर वाटू दे, असं मी ठरवलं होतं. पण पुढच्या आठवड्यात नुआलाचा नवा निरोप आला. “फिन्टन, दार उघडू नकोस. परक्या माणसाने उंबरा ओलांडला, की माझी वाट बंद होते.”

फिन्टनना मधुमेह होता, डाव्या पायाला जुनी जखम. आठवड्यातून दोनदा एथना नावाची नर्स पट्टी बदलायला येई. ती तीनदा दारावरून परत गेली. चौथ्यांदा तिने माझी खिडकी वाजवली.

“ब्रोना, तुझं तरी ऐकतील का ते? शेवटची पट्टी सोडली तेव्हा कडेला काळं दिसत होतं. अजून दोन आठवडे असेच गेले तर पाय वाचणार नाही.”

मी कुंपणाशी जाऊन हाका मारल्या. फिन्टन काठी टेकत आले.

“फिन्टन, हा माणूस लबाड आहे हो.”

“मग त्याला पिवळ्या लोकरीचं कसं कळलं? सांग की. कंपनीत नोकरी करतेस, शहाणी आहेस.”

ते आत गेले आणि कडी लावल्याचा आवाज आला.

उत्तर मला गुरुवारी, कामावर मिळालं. डोनेगॉलच्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन लागला. त्यांचा क्रमांक टाकताच पडद्यावर माहिती उघडली. खालच्या डाव्या कोपऱ्यात माझ्या आधी कोणीतरी टिपण लिहून ठेवलं होतं: मांजराचं ऑपरेशन, काळजीत आहेत, हळू बोला.

“मांजर कसंय आता?” मी विचारलं.

पलीकडून कापरा आवाज, “अगं बाई! तुला कसं गं कळलं?”

मला टायर्ननचे डोळे आठवले. प्रत्येक साक्षात्काराच्या आधी ते किंचित उघडायचे आणि डावीकडे, खाली जायचे. जिथे मी आता बघत होते, तिथेच.

जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा कुंपणाशी गेले.

“फिन्टन, सभेच्या आधी कोणाशी बोलणं होतं का तुमचं?”

“छे. कोणाशीच नाही.” मग आठवून, “त्यांची ती सोर्खा फोन करते, तेवढंच. कॅमेरा नीट दिसतोय का, आवाज येतोय का, ते बघायला. गोड पोरगी आहे.”

“किती वेळ बोलते?”

“तासभर असेल. एवढा वेळ आजकाल माझ्याशी बोलतं कोण?”

त्याच संध्याकाळी मी टायर्ननच्या यादीत ‘प्रियजन गमावलेली’ म्हणून नाव घातलं. दुसऱ्या दिवशी सोर्खाचा फोन आला. कॅमेरा दोन मिनिटांत तपासून झाला; उरलेली पंचेचाळीस मिनिटं तिने मला बोलतं केलं. मी तिला माझ्या भावाची गोष्ट सांगितली. मॅलकी त्याचं नाव. हिरवं अकॉर्डियन वाजवायचा. बिस्किट नावाचा लंगडा कुत्रा होता त्याचा. आमचं भांडण झालं आणि मग तो गेलाच.

मी आईबापांची एकुलती एक. फिन्टनना हे पक्कं ठाऊक, मी त्यांच्यासमोर वाढलेय.

आणि तरी खरं सांगायचं, तर फोन ठेवताना मला वाईट वाटलं. सोर्खा मध्येच “मग काय झालं?” असं इतक्या मायेने विचारायची, की खरं काहीतरी सांगून टाकावं असं दोनदा जिभेवर आलं होतं.

एका लिफाफ्यात चिठ्ठी घालून मी फिन्टनच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. वर लिहिलं: माझं नाव पुकारलं की उघडा.

दोन सभांत मला कोणी विचारलं नाही. तिसऱ्या सभेत टायर्ननने कपाळाला हात लावला.

“संगीत ऐकू येतंय. अकॉर्डियन... हिरव्या रंगाचं! कुत्रा आहे बरोबर. बिचारा लंगडतोय. म, म... मॅलकी! तो म्हणतोय, ब्रोना, भांडण विसर. मी तुला माफ केलंय.”

आमच्यातली भिंत पातळ आहे. टायर्ननचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता, एकदा माझ्या टेबलावरून आणि अर्ध्या क्षणाने भिंतीपलीकडून. “तो आता प्रकाशात आहे,” टायर्नन म्हणाला. भिंतीपलीकडे ते वाक्य पूर्ण झालंच नाही. माझ्या पडद्यावर फिन्टनचा चौकोन काळा पडला. मॅलकी, अकॉर्डियन, कुत्रा, हे सगळं मी रचून सोर्खाला सांगितल्याचं त्या चिठ्ठीत आधीच लिहिलं होतं.

“टायर्नन,” मी म्हणाले, “मला भाऊ नाही. कधीच नव्हता. हे सगळं मी सोर्खाला फोनवर...”

माझा आवाज बंद करण्यात आला. मग मलाच बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी फिन्टन बाहेर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी एथनाची गाडी त्यांच्या फाटकाशी उभी होती आणि दार उघडं होतं. पाय वाचला; दोन बोटं गेली. पण माझ्याशी ते आठवडाभर बोलले नाहीत. बोलले तेव्हा कुंपणापलीकडून, माझ्याकडे न बघता.

“एकदा दवाखान्याने नेली तिला. एकदा तू.”

मी उभी राहिले. तेही उभे राहिले.

हे मी एथनाला सांगितलं. तिने चार-पाच फोन केले आणि नुआलाच्या वॉर्डातली, ती गेली त्या दिवशी कामावर असलेली नर्स शोधून काढली. रविवारी दुपारी फिन्टननी अंगणात खुर्ची टाकली, फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि मला हाताने ‘थांब’ अशी खूण केली.

“प्रकाश-बिकाश काही माहीत नाही मला,” ती नर्स म्हणाली. थकलेला, सरळ आवाज. “त्यांनी चहा मागितला. दोन घोट घेतले. मग विचारलं, आज बुधवार, कचरागाडीचा दिवस ना? फिन्टनने हिरवी कचरापेटी बाहेर ठेवली असेल का? तो नेहमी विसरतो. मी म्हटलं, ठेवली असणार. त्या म्हणाल्या, नाही ठेवली. मग झोपल्या. मी हात धरून होते. पुन्हा जाग आली नाही त्यांना.”

फिन्टन हसायला लागले. हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि रुमाल सापडेना. मी कुंपणावरून माझा फेकला.

“नव्हती ठेवली,” ते म्हणाले. “खरंच नव्हती ठेवली गं पोरी.”

टायर्ननच्या सभा बंद पडल्या असं मी सांगणार नाही. चौकोन वाढलेच असतील. त्यात बसणाऱ्यांना मी मूर्खही म्हणणार नाही. एकटं माणूस प्रेमाने बोलणाऱ्याला सगळं सांगून टाकतं, आणि सांगितल्याचं त्याच्या लक्षातही राहत नाही. मी एवढंच म्हणते, की असा कोणी भेटला तर त्याला एक प्रश्न विचारा: मला किंवा माझ्या ओळखीच्या कोणालाही जे ठाऊक नव्हतं, आणि नंतर शोधून खरं ठरलं, असं तू एकदा तरी सांगितलंस का? पिवळी लोकर फिन्टनना ठाऊक होती, म्हणून ती टायर्ननलाही ठाऊक झाली. नुआलाचं शेवटचं बोलणं फिन्टनना ठाऊक नव्हतं. ते जिला ठाऊक होतं ती जिवंत होती, पगारी नोकरीत होती, आणि तिच्यापर्यंत पोचायला फक्त चार-पाच फोन लागले.