अव्वाचा पत्ता

मल्लेश माझा धाकटा भाऊ. राणीसावरगावात आमचं बी-बियाण्याचं दुकान, त्याची वेबसाइट त्यानंच बनवली. फोनवर दुकानाच्या नावापुढं रेघ मारून 'खत' लिवलं की सर्व्हर खताचं पान द्यायचा, 'बियाणं' लिवलं की बियाण्याचं. अन् 'अव्वा' लिवलं की आमच्या आईसाठी मल्लेशचा आवाज लागायचा, "अव्वा, जेवलीस का? गोळी घेतलीस का? निघालोय गं, येतोच." तो पुण्याला नोकरीला होता, तवा अव्वा रोज ऐकायची. वर जबाब बी द्यायची, "जेवले रे बाबा." आमी लय हसायचो.

देवगाव फाट्यावर ट्रकनं त्याला उडवलं. फोनचा बी चुराडा झाला. आवाज उरला तो साइटच्या तेवढ्या एका पत्त्यावर.

वरीसभर अव्वानं तो लावू दिला न्हाई. "काळीज फुटंल माझं," म्हणायची. पुण्यतिथीला मात्र इष्टलिंगाची पूजा उरकून माझ्याजवळ बसली. "तिर्वेणी, लाव गं. आज ऐकते."

मी पत्ता लिवला. दुकानाचं पहिलं पान आलं, "शरणार्थ, या, बसा." पुन्हा लिवला, पुन्हा तेच. माझं डोस्कंच फिरलं. तशीच परसात गेले अन् हरिओमला फोन लावला. परभणीच्या ह्याच पोरानं आमची साइट नव्या सर्व्हरवर नेली होती.

"हरिओम, अव्वाचं पान कुठं घातलंस रे?"

"सगळी पानं आणली की ताई. जुन्या यादीतला एकूण एक पत्ता नव्या सर्व्हरवर उघडून बघितला. एकही अडला न्हाई."

"अव्वाचा उघडलास, तवा आवाज आला का?"

तो हळूच म्हणला, "दुकानाचं पान आलं होतं. मला वाटलं, तेच असंल."

तवा माझ्या ध्यानात आलं. यादीच्या शेवटी मल्लेशनंच एक नियम घातला होता, ओळखीचा नसलेला कुठलाबी पत्ता आला तर दुकानाच्या पहिल्या पानावर आणायचा. मी तवा भांडले होते, चुकलेल्याला सरळ न्हाई म्हणावं की! तर म्हणला, "आपल्या दारातून भिक्षेला आलेला जंगम कधी रिकामा गेलाय का अक्का? मंग गिऱ्हाईक का जावं?" हरिओमनं तो नियम बी जशाचा तसा नेला. अव्वाचं पान मागं राहिलं, अन् त्या नियमामुळं कुणाला पत्ताच लागला न्हाई.

"मंग जुन्या सर्व्हरवरून आण की मेल्या!"

"तो बंद केला, ताई. सगळं पुसलं. दुसरीकडं कुठं ठिवलेलं न्हाई." पोरगं रडायलं होतं. त्याला शिव्या तरी किती देऊ?

अरे मल्लेश, कशाला रे इतका भला झालास? त्या एका पत्त्याला तरी न्हाई म्हणला असतास, तर हरिओम थांबला असता. तुझा आवाज राहिला असता रे!

डोळे पुसून आत आले. म्हणलं, आता अव्वाला सांगावंच लागंल.

अव्वानं माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या हातातला फोन घेतला, पदरानं पुसला अन् कानाला लावला. आत कसलाच आवाज नव्हता.

"जेवले रे बाबा," ती म्हणली. "गोळी बी घेतली. ये आता."