सरसेनापतींचा फोन

दोन हजार एक साली धाराशिवच्या त्या गल्लीत फोन एकच, रणधीररावांचा. अकरा घरांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर. पुढं 'पी.पी.' छापलं की समजायचं, फोन शेजारच्याचा हाय, निरोप मिळंल.

रणधीरराव कचेरीत कारकून. साहेबासमोर तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय, पण घरी कॉम्प्युटर घेतल्यापासून गडी मोठा लढवय्या झाला होता. फोनची तार कॉम्प्युटरात खुपसायची, किर्रकिर्र आवाज व्हायचा, अन् 'रणांगण' नावाच्या खेळात देशभरातल्या रिकामटेकड्यांशी रणगाड्यांची लढाई सुरू. लाईन तुटली की हार. अन् खेळ चालू तोवर बाहेरच्याला फोन एंगेज. हे गल्लीला ठाऊक नव्हतं, अन् सांगायची गरज रणधीररावांना कधी वाटली न्हाय.

त्या रविवारी अकराला अंतिम सामना. जिंकले तर सरसेनापती. नेमकी पावणेअकराला समोरची अक्षदा दारात उभी.

"काका, लातूरच्या दवाखान्यातनं फोन यायचाय, नर्सच्या नोकरीचा. अकरा ते बारा. न्हाय उचलला तर पुढच्या नंबरवालीला घेणार हायेत."

"बस की," रणधीरराव म्हणाले. अर्ध्या तासात शत्रूचा फडशा पाडू अन् लाईन मोकळी करू, असा त्यांचा हिशेब.

अक्षदा फोनजवळ बसली. नवी ओढणी, मांडीवर सर्टिफिकेटांची फाईल. फोनवर सर्टिफिकेट दिसत न्हाय, पण पोरीला तेवढाच धीर.

साडेअकरा वाजले. नागपूरकडचा शत्रू काही मरंना.

"काका, फोन चालू हाय न्हवं?" तिनं रिसीव्हरकडं हात नेला.

"हात लावू नको. चालूच हाय."

त्यात खोटं काय होतं? फोन इतका चालू कधीच नव्हता.

पावणेबाराला तार उपटावी असं त्यांच्या मनात आलं. हात तारेपर्यंत नेला सुद्धा. पण शत्रूचा एकच रणगाडा उरला होता, अन् जल्मात ज्याला कुणी साहेब म्हणलं न्हाय, त्याला आता सरसेनापती म्हणणार होते.

बारावर पाच मिनिटांनी जिंकले. पडद्यावर झेंडे फडकले. अक्षदानं घड्याळ बघितलं अन् फाईल उचलली.

"माझी निवडच झाली नसंल. तुमी मात्र जिंकलाव, काका."

ती गेली. त्यांनी तार काढून फोनला लावली, तसा तो वाजला. पलीकडची बाई वैतागलेली. "तासभर एंगेज. दुसरीला घेतलं आम्ही. कळवायचं म्हणून कळवलं."

"कुणाचा हो?" बायकोनं, भुवनेश्वरीनं, आतनं विचारलं.

"राँग नंबर."

संध्याकाळी अक्षदा वाटी घेऊन आली. निवड झाली की वाटायचा म्हणून तिच्या आईनं सकाळीच शिरा करून ठेवला होता.

"वाया कशाला घालायचा? तुमी जिंकलाव, तुमचं तोंड गोड करावं म्हणलं. तासभर बसू दिलंत, लई उपकार झाले."

सरसेनापतींनी दोन घास खाऊन वाटी खाली ठेवली. मग परत उचलली अन् सगळा शिरा खाल्ला. उरवला असता तर भुवनेश्वरीनं कारण विचारलं असतं.