जांभळी चॅलेंजर, फक्त नऊ हजार मैल

गिऱ्हाईक आलं ते सरळ गाडीखालीच शिरलं. ऑस्ट्रँडर नावाचा पस्तिशीचा माणूस, बाह्या सरसावलेला. माझी ही जांभळी चॅलेंजर सत्तर सालची, मी नवी कोरी घेतलेली. मीटरवर नऊ हजार एकशे चार मैल. तेवढ्या आकड्यासाठी तो इंडियानाहून इथे ओहायोत आला होता.

मला ती आजच्या आज विकायची होती. माझी बायको व्हर्ना गेल्या मंगळवारी गाउनवर हायवेच्या मधोमध सापडली. घर कुठलं, ते तिला सांगता येईना. विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक चांगलं ठिकाण आहे, तिथे तिच्यासाठी खोली धरून ठेवलीय. पैसे भरायची मुदत फक्त उद्यापर्यंत. मी अठ्ठ्याहत्तरचा. तिच्या मागे मागे फिरतो, पण जरा डोळा लागला की संपलं. किती दिवस पुरा पडणार मी?

ऑस्ट्रँडर बाहेर आला. "काका, कमाल आहे! पेडलची रबरंसुद्धा कारखान्यातली. बासष्ट हजार डॉलर, बोला!"

मी लगेच किल्ली त्याच्या हातात ठेवली. तेवढ्यात व्हर्ना गॅरेजमध्ये आली. गाडी बघून अशी खुलली म्हणता! दोन वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

"अगं बाई, आपली जांभळी! बाळा, हा मेला दर रविवारी मला तळ्यावर न्यायचा. बूट काढून, नुसत्या मोज्यांवर चालवायचा. का, तर म्हणे रबर झिजतं! आणि समोरचा काटा ढिम्म शून्यावर. मी म्हणायची साठ, हा म्हणायचा ऐंशी!" ती खळखळून हसली.

ऑस्ट्रँडर हसला नाही. "काटा शून्यावर? म्हणजे मीटरची केबल काढून चालवायचात?"

खरं होतं हो. अक्षर न् अक्षर खरं. केबल काढली की वेग दिसत नाही, पण मैलही चढत नाहीत. गावातली आम्ही सगळी पोरं तेच करायचो, आकडा कमी ठेवायची खाज. अकरा वर्षं, दर रविवारी चाळीस मैल. पोटच्या पोरीचं नाव विसरलेल्या बाईला एवढं मात्र लख्ख आठवत होतं.

"मग तीस हजारसुद्धा देणार नाही," म्हणत त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

मी ती घेतलीच नाही. "अहो, तिचं काय ऐकता? तिचं डोकं ठिकाणावर नाही. टीव्हीवर बघते आणि आपलं म्हणून सांगते."

"एमेट?" व्हर्ना म्हणाली. "आपण तळ्यावर जायचो ना रे?"

ऑस्ट्रँडर माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नाही गं," मी म्हणालो. "कधीच नाही."

तिचं हसू विरलं. मग त्याच्याकडे वळून ती ओशाळल्यासारखी म्हणाली, "माझं हल्ली असंच होतं. हा सांगतो तेच खरं धरा हं."

त्याने चेक लिहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी नव्या खोलीत नर्सने तिचा हात हातात घेऊन विचारलं, "आजी, तुम्हाला कुठे फिरायला आवडायचं?"

व्हर्नाने आधी माझ्याकडे पाहिलं.

"आम्ही कधी कुठे गेलोच नाही," ती म्हणाली.