काखेमागची जागा

कात्रीबाई हे नाव हातातल्या कात्रीमुळे पडलं की तोंडातल्या जिभेमुळे, यावर त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांचं कधीच एकमत झालं नव्हतं. पण त्या दिवशी वॉर्डात ती जीभ टाळ्याला चिकटली होती. बावीस वर्षांची लेक पलंगावर बसून डॉक्टरबाईंना साफ नाही म्हणत होती.

आठच दिवसांपूर्वी लेक जिन्यात कोसळली होती. ठोका बिघडला आणि हृदय बंदच पडलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सने छाती दाबत राहून तिला परत आणलं.

"नर्स दरवेळी जिन्यात असेल का?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे यंत्र अंगातच राहील. ठोका बिघडला की आपणहून झटका देईल."

"आणि गळ्याखाली काड्यापेटीएवढा उंचवटा! मी चष्म्याच्या दुकानात काम करते, डॉक्टर. गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवते तेव्हा त्याचे डोळे इथे, वीतभरावर असतात. वर त्याला मीच स्पष्ट दिसेन असा नंबर देते. रोज वीस जण विचारणार, हे काय झालं म्हणून. मला नको."

आता हसावं की रडावं? कात्रीबाईंना कळेना. हट्टाला पेटली की ही पोर कोणाच्या बापाचं ऐकत नसे, आणि हा गुण कोणाकडून आला ते त्या जाणून होत्या.

डॉक्टरबाईंनी दुसरा मार्ग सांगितला. हिच्या दुखण्यात यंत्र डाव्या कुशीत, काखेच्या खालीही बसवता येईल. तार कातडीखालून छातीच्या मधल्या हाडापर्यंत नेता येईल. त्यांनी लेकीला आडवं करून पेनाने बरगडीवर चौकोन काढला.

तेवढ्यात कात्रीबाईंची जीभ सुटली. "अहो, झोपवून माप घेतात का कुठे? उभं करा तिला!"

लेक उभी राहिली आणि चौकोन दोन बोटं पुढे सरकला. हात वर केला तर तो नेमका आतल्या कपड्याच्या पट्ट्याखाली आला. डॉक्टरबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी दाखवायला ठेवलेलं रिकामं यंत्र कात्रीबाईंच्या हातावर ठेवलं.

कात्रीबाईंनी वॉर्डातच सुईदोरा काढला. यंत्राच्या मापाचा खिसा बेतला, लेकीच्या बंडीला आतून टाचला आणि दिमाखात डॉक्टरबाईंना बोलावलं.

"छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त हृदय डावीकडे असतं."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं कपडा उलटा करून खुणा करायची सवय! बंडी सुलट केली आणि खिसा उजव्या कुशीत गेला. कोसळल्यापासून पहिल्यांदाच लेक खो खो हसली. तिचं ते हसू बघून बाईंना आपल्या चुकीचंच कौतुक वाटलं.

मग दोन दिवस मायलेकी हटल्या नाहीत. खिसा उसवायचा, बोटभर सरकवायचा, पुन्हा टाचायचा. लेक वाकायची, वरच्या फळीवरून चष्मा काढल्यासारखा हात ताणायची, कुशीवर वळायची. "टोचतं." "दिसतं." "पट्टा घासतो." शेवटी काखेच्या मागच्या कडेला, पाठीचा स्नायू सुरू होतो तिथे, ती गप्प झाली.

"आई, इथे आहे हेच विसरले मी."

बाईंनी खडूने खूण केली. डॉक्टरबाईंनी छातीचे एक्स-रे तपासले. "मागे गेलं तर झटका हृदयातून आणखी नीट जाईल. दोन स्नायूंच्या मधे बसवू." मग लेकीकडे वळून विचारलं, "आता?"

"करा," लेक म्हणाली. कात्रीबाई तोंड फिरवून ढसाढसा रडल्या आणि लाजल्या नाहीत.

चार महिने लेक मोठ्या गळ्याचे, बिनबाह्यांचे झगे घालून कामावर गेली. कोणाला पत्ता लागला नाही. पाचव्या महिन्यात भरदुपारी, एका गिऱ्हाइकाला आरसा दाखवताना ती खुर्चीवर कोलमडली. पुढच्याच क्षणी तिचं अख्खं अंग उसळलं, आणि तिने डोळे उघडले.

निरोप मिळताच कात्रीबाई टेप गळ्यात तशीच ठेवून दवाखान्यात धावल्या. लेक उशीला टेकून पाणी पीत होती.

"आई, लाथ बसली गं. घोड्याची."

बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, गरम होता. मग त्या वळल्या, छाती फुगली, आणि ज्या जागेबद्दल चार महिने सख्ख्या बहिणीलाही बोलल्या नव्हत्या ती त्यांनी अख्ख्या वॉर्डाला सांगितली. "जागा मी काढली! उभं करून माप घेतलं म्हणून! डॉक्टरबाईंना विचारा!"

पलीकडच्या पलंगावरच्या आजी उठून बसल्या. "कुठे आहे? काहीच दिसत नाही."

बाईंना एकदम भान आलं. त्यांनी जीभ चावली आणि घाबरून लेकीकडे पाहिलं. लेकीने ग्लास खाली ठेवला, डावा हात डोक्यावर उंच उचलला आणि हसत म्हणाली, "या ना आजी, जवळ येऊन बघा."